भरपाईचे तीन खडे

बाइंडर खेळ छापणाऱ्या कंपनीतून परतला तो तोंड पाडूनच. काखेतली पेटी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि चपला न काढताच खुर्चीत बसला. पेटीत त्याचा 'वेढा' होता: पुस्तकबांधणीतून उरलेल्या पुठ्ठ्यावर स्वतः आखलेला पट, काळे-पांढरे खडे आणि कैक वर्षं ओतलेला जीव. खेळ सोपा. आळीपाळीने खडे ठेवायचे, पटावरच्या विहिरींना वेढा घालायचा, जास्त विहिरी ज्याच्या तो जिंकला. खोट एकच. जो पहिला खेळे तो मधली विहीर बळकावी आणि दुसरा नुसता मागे धावत राही.

ती खोट काढण्यासाठी त्याने बायकोला वेठीला धरलं होतं. ती नर्स. संध्याकाळी दवाखान्यातून आली, की तिने हातपाय धुवायच्या आत पट मांडलेला. खेळ त्याचा, म्हणून पहिली खेळी त्याची, आणि जिंकायचाही तोच. मग त्याने दुसऱ्याला भरपाई म्हणून सुरुवातीलाच एक जादा खडा दिला. तरी बायको हरली. दोन दिले, तरी तेच. तीन दिल्यावर मात्र कधी ती, कधी तो, असं व्हायला लागलं. ती जिंकली की गडी खुशीत येऊन लगेच आणखी एक डाव मांडायचा. खोट निघाली म्हणून त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्याच तीन खड्यांनी आज घात केला. कंपनीतल्या खेळाडूंनी दुपारभर डाव टाकले आणि प्रत्येक डाव दुसऱ्यानेच जिंकला.

"खेळ झकास आहे हो," तिथला साहेब म्हणाला, "पण तीन खडे? घरी तुमच्यासमोर बसणारा माणूस झोपेत होता का? सोमवारपर्यंत नीट बसवून आणा. नाहीतर यंदा आम्ही दुसरा खेळ छापतो."

बायको आली, पिशवी टाकून समोर बसली. आज पट मांडलेला नाही हे पाहून तिलाच धस्स झालं. त्याने सगळं सांगितलं.

"अगं, खरं सांग. मुद्दाम हरायचीस?"

"हो."

"मग मधूनमधून जिंकायला कशी लागलीस?"

"तीन खडे दिल्यावर हरायलाही डोकं लागतं. ते कुठून आणू त्या वेळी?"

"माझ्या कष्टांची माती केलीस!" तो ओरडला. भांडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"उद्या रविवार, सुट्टी आहे माझी. पोटभर झोपू द्या. मग खेळते, खरंखुरं."

सकाळी तो रागाने धुमसत तिच्या उठण्याची वाट बघत बसला. उन्हं वर आली तरी ती हलली नाही. पांघरुणाबाहेर आलेली तिची सुजलेली पावलं बघता बघता त्याचा राग कधी ओसरला ते त्यालाही कळलं नाही.

चहा घेऊन ती पटासमोर बसली. भरपाईशिवाय तो पहिला खेळला आणि कसाबसा जिंकला. ती पहिली खेळली आणि त्याचा पार धुव्वा उडाला. दुसऱ्याला एक खडा दिला, तेव्हा मात्र डाव शेवटच्या विहिरीपर्यंत रंगला. ती जिंकली, पण नखभर. बाजू बदलल्या, तरी तीच जिंकली, तीही नखभरच. एकच खडा पुरत होता. खेळ वाचला होता.

"तुला इतकं येतं?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग हरायचीस कशाला? मला वाईट वाटू नये म्हणून?"

ती थकलेलं हसली. "तुमच्या वाटण्याचा विचार करायला जीव कुठे उरायचा? हरले की तुम्ही पट आवरायचात. जिंकले की पुन्हा मांडायचात."

बाइंडरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलता बोलता त्याच्या हाताने काळे-पांढरे खडे वेगळे करून पुढच्या डावाची तयारीही केली होती. ते सगळे त्याने पेटीत लोटले.

"अजून एकदा तपासायचं नाही?" तिने विचारलं.

"शेजाऱ्याला बोलावतो," तो म्हणाला. "तू झोप."