बोरदरा रस्ता

दुष्काळात माणसाला काय काय करावं लागेल याचा नेम नाही, पण रामकिसनला मिळालं तसलं काम त्या साली अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळालं नसणार. चारा छावणीत, उलट्या घमेल्यावर बसून, तो यक्षांच्या शहरांतल्या रस्त्यांना नावं देत होता.

छावणी बोरदऱ्याच्या माळावर होती, सहकारी दूध संस्थेनं उघडलेली. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणलेली, खाली ओळींनी सातशे जनावरं, आणि जनावरांमागं त्यांची माणसं, चुली, गोधड्या. ऐंशी दिवसांत तिथं गावच वसलं. गाव म्हटलं की गल्ल्या आल्या आणि गल्ल्या आल्या की नावं आली. पाण्याचा टँकर उभा राहायचा ती भांडणगल्ली. साखराबाई नावाची म्हातारी जिथं दिवस उजाडल्यापासून सुनेचा उद्धार करायची, ती आरतीची गल्ली. रामकिसन आणि त्याची आई चंद्रभागाबाई दोन बैल, एक गाय आणि एक कालवड घेऊन ज्या ओळीत राहिले होते तिला शेवटची गल्ली म्हणत, कारण तिच्यापुढं नुसता माळ होता.

काम आलं इसाककडून. इसाक हा रामकिसनचा बीडच्या कॉलेजातला जोडीदार. केजजवळच्या युसूफ वडगाव गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकचा मुलगा, आता पुण्यात मोबाइलवरचे गेम करणाऱ्या कंपनीत चिकटलेला. एके दिवशी त्याचा फोन आला.

"रामकिसन, रिकामाच बसलास न बे? एक काम हाय."

नव्या गेममध्ये यक्ष, बुटके आणि जादूगार यांची सहा शहरं होती. खेळणाऱ्यानं ती चालवायची, घरं बांधायची, बाजार भरवायचा. शहरांची नावं कंपनीच्या मॅडमनी ठरवली होती, कापूरगड, नीलपेठ वगैरे, पण दोनशे रस्ते बिननावाचे पडले होते. खऱ्या माणसाचं, जातीचं, देवाचं नाव नको, एवढाच नियम. जमलं तर पुण्यात जागा. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. खुर्ची म्हटल्यावर रामकिसनचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

कारण छावणीतून त्याला हलता येत नव्हतं, आणि यात दोष कुणाचा म्हणाल तर त्याचा स्वतःचा. रोज सांजेला संस्थेचे सचिव मोहनराव मोबाइल घेऊन यायचे, एकेका जनावराच्या कानातला बिल्ला टिपायचे, मग शेजारी उभ्या मालकाचा चेहरा टिपायचे. एक सांज मालक दिसला नाही की त्याची जनावरं बाहेर. बाहेर रस्त्याच्या कडेला लोक आपली जनावरं घेऊन जागेची वाट बघतच बसलेले होते. नोंदणीच्या दिवशी फोटोला चंद्रभागाबाईच उभी राहायला निघाली होती. "तू कावून उन्हात उभी ऱ्हातीस? चार दिसांचं काम हाय, मी हाय न," असं म्हणून हा शहाणा पुढं झाला. बीए झालेल्या माणसाची अक्कल! चार दिवसांचे ऐंशी झाले आणि मोबाइलला आता त्याच्याशिवाय दुसरा चेहरा चालत नव्हता.

त्याला कोंडल्यासारखं व्हायचं. भिंत नाही, दार नाही, चहूबाजूंनी मोकळा माळ, आणि तरी सांजेच्या आत जाऊन परत येता येईल तेवढंच जग. बैलाला निदान आपलं दावं दिसत होतं. आईवर चिडावं तर ती बिचारी उसाच्या वाढ्यांचे तुकडे करून जनावरांपुढं टाकत असायची. मग तो फोनमध्ये डोकं घालून कापूरगडात जायचा. तिथं दर तिसऱ्या दिवशी पाऊस पडायचा, याचा त्याला मनापासून राग यायचा.

नावं मात्र झकास निघत होती. भांडणगल्ली त्यानं बुटक्यांना दिली, आरतीची गल्ली चेटकिणींना. लहान गल्ल्या संपल्यावर मोठे रस्ते घेतले आणि तिथं इसाकचा फोन आला.

"अबे, हे काय करून ठेवलंस? कापूरगडात लिहिलंस नीलपेठ रस्ता, अन् नीलपेठेत लिहिलंस कापूरगड रस्ता. तो एकच रस्ता हाय!"

"मग?"

"मग काय मग? मॅडम म्हनतात एका रस्त्याला एकच नाव पायजे. यक्ष घोटाळ्यात पडायलेत. निम्म्या वाटंत उभे ऱ्हातात."

"यक्षाला एवढी अक्कल न्हाई? बरं, मला सांग. केजच्या स्टँडवर उतरलास की घरी कोन्या रस्त्यानं जातोस?"

"वडगाव रस्त्यानं."

"अन् वडगावातनं केजला?"

"केज रस्त्यानं," इसाक म्हणाला.

"आपल्या गावात आपल्या गावाच्या नावाचा रस्ता नसतो, इसाक. तो दुसऱ्या गावात असतो. घरी बसनाऱ्याला तो कशाला लागतोय? भाईर गेलेल्याला परत यायला लागतो."

तासाभरात इसाकचा पुन्हा फोन. मॅडम खूश होत्या. परवा अकरा वाजता पुण्याला ये, हेच सगळ्यांसमोर सांग, जागा त्याच बैठकीत ठरणार आहे. दुसराही एक उमेदवार होता, तो पुण्यातच राहणारा. "फोनवर जमत न्हाई का?" रामकिसननं विचारलं. "समोर पायजे म्हनतात," इसाक म्हणाला.

रामकिसन तडक मोहनरावांकडं गेला. "दोन सांजा आईला उभं ऱ्हाऊ द्या, मामा."

मोहनराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मी सोडतो रे, पन हा मोबाइल सोडत न्हाई. नाव बदलायचं तर तालुक्याला अर्ज, आठ दिस जातील. भाईर चाळीस जनं बसलेत. तुझी जागा रिकामी दिसली तर ते मला जित्ता ठिवतील का?"

रामकिसन परत येऊन घमेल्यावर बसला. जेवला नाही. चंद्रभागाबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि छावणीच्या ऑफिसाकडं गेली. आली ती हात झटकत. "बोलले मी मोहनरावाशी. दोन दिस मी उभी ऱ्हाते. तू जा."

आईच्या शब्दापुढं सचिव नरमला असेल, असं त्याला वाटलं. वाटून घ्यायचंच होतं त्याला, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी तो बोरदऱ्याच्या फाट्यावर काळीपिवळी जीपमध्ये बसला. आई पहाटेच जनावरांना पाणी पाजायला म्हणून घेऊन गेली होती, निरोप घ्यायचा राहिला होता. वडवणीला जाऊन बस धरायची, बीड, मग पुणं. जीप सुटली आणि त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तो चक्क गुणगुणायला लागला. शेजारच्या माणसाला त्यानं न विचारता सांगितलं, "पुण्याला चाललोय."

चारेक मैल गेल्यावर रस्त्याच्या कडेनं दोन बैल, एक गाय आणि एक कालवड चाललेली दिसली. मागून एक बाई, डोक्यावर पदर, हातात काठी. बैलांच्या पाठी त्यानं डोळे मिटूनही ओळखल्या असत्या. त्या दिवशी वडवणीला जनावरांचा बाजार होता.

"थांबवा! गाडी थांबवा!"

चंद्रभागाबाई त्याला बघून दचकली, मग चिडली. "उतरलास कावून?"

"मोहनराव उभं ऱ्हाऊ देतो म्हनला व्हता न?"

"न्हाई म्हनला तो. मीच म्हनले तसं तुला." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "जा, गाडी थांबलीय. बैल काय, परत घेता येत्याल. तुझं वय परत घेता येनार हाय का?"

बैल परत घेता येणार नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. दुष्काळात दावणीवरून गेलेलं जनावर पुन्हा दावणीला येत नाही. ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कालवडीनं येऊन रामकिसनची पिशवी चाटायला सुरुवात केली.

तेव्हा त्यानं जीपमध्ये बसायला हवं होतं, असं म्हणणारे बोरदऱ्यात आजही आहेत. सांगणं सोपं असतं. रामकिसननं ड्रायव्हरला हात केला, जीप धूळ उडवत गेली, आणि त्यानं बैलाचं दावं धरून त्याचं तोंड फिरवलं. आपण काही पुण्याचं काम केलं असं त्याला मुळीच वाटलं नाही. त्याला संताप आला होता, आईचा, बैलांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"माझ्या हातानं सोडलं व्हतं तुला," चंद्रभागाबाई मागून म्हणाली. "तूच फिरून बांधून घेतलंस." मग ती जनावरांमागून चालू लागली. वाटेत दगडावर 'बोरदरा ३' लिहिलेलं होतं. रामकिसननं त्याला एक लाथ घातली आणि अंगठा ठेचून घेतला.

सांजेला मोहनराव आले. त्यांनी जनावरांच्या खुरांवरची डांबरी रस्त्याची धूळ पाहिली, माय-लेकांची तोंडं पाहिली आणि मोबाइल समोर धरला. "वर बघ," एवढंच म्हणाले. रामकिसननं वर पाहिलं. रात्री शेवटच्या शहराची नावं राहिली होती ती त्यानं भराभर लिहून पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सांज होत आली तेव्हा इसाकचा फोन आला. आवाज पडलेला. "जागा त्या दुसऱ्याला गेली, रामकिसन."

"बरं."

"पन नावं सगळी तुझीच ठेवलीत. एका रस्त्याला दोन नावं, तसंच. यक्षांना शिकवतो म्हनतात." तो घुटमळला. "एक तेवढं कळंना. नीलपेठेच्या टोकाला तू बोरदरा रस्ता लिहिलायस. नकाशात बोरदरा नावाचं गावच न्हाई. तो रस्ता कुठंच जात न्हाई. काढू का?"

"ऱ्हाऊ दे."

"अबे, पन एखादा यक्ष निघाला त्या रस्त्यानं, तर?"

ओळीच्या टोकाला मोहनराव दिसायला लागले होते. रामकिसन घमेल्यावरून उठला आणि फोन कानाला धरूनच बैलांपाशी जाऊन उभा राहिला. चंद्रभागाबाई हातातलं वाढं टाकून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. मोबाइलला ती नको होती, तरी राहिली.

"येऊ दे त्याला," रामकिसन म्हणाला. "फकस्त सांजेला हजर ऱ्हावं लागतंय म्हनाव."