शिवगंगाचा फोटो माझ्याकडे होता

मित्रांनो, मी सर्व्हर. लातूरच्या एका क्लासच्या जिन्याखालच्या खोलीत माझी सारी उमर गेली. दिसायला काळ्या पत्र्याचा डबा, पोटात पंखे आणि तबकड्या. क्लासची वेबसाइट माझ्यावर चालायची, म्हणून एसी मला होता, पोरांना नव्हता. याचा मला लई तोरा होता, खोटं कशाला बोलू.

वेबसाइट म्हणजे काही जादू नाही. पानं, फोटो, निकाल, सगळ्या फायलीच. त्या माझ्या तबकडीवर असतात. लोह्याच्या नाहीतर हिमायतनगरच्या नेट कॅफेत एखाद्या बापानं आमचा पत्ता टाकला, की मागणी माझ्याकडे येते. मी फाइल शोधतो आणि तिची नक्कल पाठवतो. अस्सल माझ्याकडेच राहते.

क्लासच्या मेसमध्ये धुरपताबाई भाकरी करायच्या. भूकंपात त्यांचं गाव पडलं, त्यात त्यांची लेक शिवगंगा गेली. दुसरीतली पोर. शाळेत काढलेला तिचा एक फोटो तेवढा उरला होता. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या भार्गवी मॅडमनी तो स्कॅन करून एका पानावर लावला आणि माझ्या हवाली केला.

"मावशी, आता ही कुठंही जात नाही," मॅडम म्हणाल्या.

धुरपताबाईंनी तो शब्द धरला. भूकंपात गावातल्या साऱ्यांना एकत्रच अग्नी दिला होता, लेकीची राख म्हणून काही हाती आलं नव्हतं. म्हणून त्या नांदेडला गेल्या आणि हळदकुंकू वाहून कागदाचा फोटो गोदावरीत सोडून आल्या. "आता तिचं समदं झालं बघा," त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडम दुसरी नक्कल काढून ठेवायची म्हणत होत्या, पण त्यांचं लग्न ठरलं आणि त्या गडबडीत ते राहून गेलं. शिवगंगा आता फक्त माझ्याकडे होती. मला धडकीच भरली.

रोज जेवणं आटोपली, की बाई ऑफिसात येऊन ते पान उघडायला लावायच्या. मी लगबगीनं त्यांची पोर पाठवायचो.

मॅडम लग्न होऊन नांदेडला गेल्या. पुढं निकाल लागला. नव्या गुणवंतांच्या फोटोंना माझ्यात जागा पुरेना. क्लासचे मालक मन्मथ सर म्हणाले, "जुने फोटो समदे काढा. गेल्या सालची पोरं कोण बघतंय?" शिवगंगा त्याच कप्प्यात होती. सगळ्यांबरोबर तीही पुसली गेली.

दुपारी बाईंची मागणी आली. मला उत्तर द्यावं लागलं, सापडत नाही.

"मशीन दमलं असंल," बाई म्हणाल्या. "उद्या येते."

त्या दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशीही.

मित्रांनो, फाइल पुसली म्हणजे ती लगेच जात नाही. तिचं नाव तेवढं निघतं. वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथंच पडून असते. शिवगंगा माझ्या पोटात होती, मला कळत होतं. पण ज्याला नाव उरलं नाही, ते मला देता येत नाही. आणि वरून नवे फोटो येतच होते, हार घातलेले, पेढे भरवलेले. ते तिच्या अंगावर बसत होते. मी आतल्या आत घाबरून जायचो.

शेवटी बाईंनी मॅडमना फोन लावला. मॅडम एसटीनं आल्या आणि त्यांनी आधी मला बंद करायला लावलं.

"निकालाचे दिवस हायत, मॅडम," सर कुरकुरले.

"सर, यांच्याकडं दुसरा फोटो नाही."

सरांनी मॅडमना खुर्ची ओढून दिली. मॅडमनी माझी तबकडी दुसऱ्या मशीनला जोडली आणि शोधत बसल्या. बऱ्याच वेळानं फोटो वरून खाली उमटू लागला. रिबीन. भांग. कपाळ. डोळे. तिथून खाली नुसता करडा पट्टा.

"मावशी, एवढीच निघाली," म्हणत मॅडम रडायला लागल्या.

धुरपताबाई पडद्याजवळ गेल्या. करड्या पट्ट्यावरून त्यांनी हलकेच हात फिरवला.

"त्या सकाळी बी एवढीच दिसली होती," त्या म्हणाल्या. "डोळ्यापस्तोर. खालचं समदं मातीत."

मित्रांनो, आता मी बंदच असतो. जीव लावलेल्या माणसाचा फोटो दोन ठिकाणी ठेवत जा. आणि काही पुसायचं झालंच, तर ते रोज बघायला कोण येतं, एवढं आधी विचारा.