पिठलं कोण करणार?

शिबिराला पालक जेवायला येणार म्हटलं, की मुलींपेक्षा बाईंचीच धांदल जास्त! मंचरजवळच्या एका शाळेतल्या गाइड मुलींचं हे शिबिर डिंभे धरणाच्या खाली, घोड नदीच्या काठी लागलं होतं. साल सत्त्याण्णव, थंडी मरणाची. शेवटच्या दिवशी मुलींनी चुलीवर रांधायचं, पालकांना वाढायचं आणि पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी ते पाहायचं. त्यात पास झालं, तरच राज्य पुरस्कारासाठी नाव पुढं जाणार.

यशोधराला त्याची काही धास्ती नव्हती. नववीतली ही पोर आपल्या संघाची नायिका. सरपण ओलं, वरून नदीचा वारा, तरी पहिल्या संध्याकाळी चूल पेटवली ती तिनंच. तिचं पिठलं पोरींनी बोटं चाटूनपुसून संपवलं. त्यात सगळ्यात पुढं होती वैष्णवी, तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी शाळेत एका बाकावर आणि इथं एका तंबूत.

आणि त्या सकाळी गाइडच्या बाई म्हणाल्या, "यशोधरा, तू आज झेंड्याचं बघ. पिठलं-भाकरी वैष्णवी करील."

"बाई, मग माझी परीक्षा?"

"पुढच्या वर्षी देशील की!"

पुढच्या वर्षी दहावी. तेव्हा कुठली गाइड आणि कुठला पुरस्कार! पण बाई तिच्या नजरेला नजर न देताच निघून गेल्या. यशोधरा धावतच चुलीपाशी आली.

"वैष्णवी, तू तरी सांग ना बाईंना!"

वैष्णवी परातीतलं पीठ उगाच चिवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मीच सांगितलं गं त्यांना. आमची आजी येणारे. तिला तुमच्या हातचं नाही चालत. मी थोडीच मानते? तुमच्या वस्तीत येऊन, तुझ्या घरी जेवते की नाही मी?"

"आजीला माहितेय ते?"

वैष्णवीनं नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे इतके दिवस तू आमच्याकडं चोरून जेवत होतीस!"

परक्याने केलं असतं तर यशोधरा भांडली असती. हिच्याशी काय भांडायचं? तिने गळ्यातला स्कार्फ काढला आणि तंबूमागं जाऊन हमसून हमसून रडली.

थोड्या वेळानं मंचरहून पालकांची जीप आली. यशोधराची आई केशरबाई उतरली, लेकीला शोधत तंबूमागं गेली आणि सगळं ऐकून तडक चुलीकडं आली. तिने आवाज चढवला नाही.

"वैष्णवी, तू आमच्यात जेवायला बसायचीस, तवा मला लई बरं वाटायचं बघ. मी म्हणायची, आमच्या येळेला न्हाई झालं, ते या पोरींनी केलं."

"मावशी, मला आजीला दुखवायचं नव्हतं हो!"

"आन् माझ्या पोरीला? कुनाला दुखावलं तर चालतंय, ह्ये तू आधीच ठरवलं व्हतंस की. आजीचं डोकं जुनं, ती उघड बोलती. तू गोड बोलून केलंस. जास्ती कशानं लागतं, तूच सांग."

पिठाचे हात तसेच घेऊन वैष्णवी तंबूमागं यशोधराकडं गेली. "चल, चूल तुझी आहे," एवढंच म्हणाली.

पंगत बसली. परीक्षक बाई वही उघडून उभ्या. आजी ठकूबाईंच्या ताटात पिठलं पडलं, तेव्हा वैष्णवी सगळ्यांदेखत म्हणाली, "आजी, हे यशोधरानं केलंय. आणि मी तिच्या घरी नेहमी जेवते. तुला सांगितलं नव्हतं."

ठकूबाईंनी ताट सारलं आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. वैष्णवीला रडू आवरेना, पण ती आजीच्या रिकाम्या पाटावर बसली आणि जेवू लागली. तेव्हा कुठं गाइडच्या बाई पुढं आल्या. "चूक माझी आहे, यशोधरा. मी नाही म्हणायला हवं होतं," म्हणाल्या, आणि तिच्यासमोर ताट घेऊन बसल्या.

यशोधरा पास झाली. संध्याकाळी तंबू उतरवताना वैष्णवी म्हणाली, "झालं गेलं विसरशील ना?"

"नाही विसरणार," यशोधरा म्हणाली. "पण तो दोर धर त्या बाजूनं."

वाचकहो, आपण जातपात मानत नाही, असं मनातल्या मनात म्हणायला काय लागतं! ते आपल्याच माणसांसमोर, भर पंगतीत म्हणता येतं का, एवढंच विचारा स्वतःला. येत नसेल, तर ज्याच्या घरी आपण जेवलो त्याचा घात करणारे आपणच, आणि वर स्वतःला भलं म्हणवून घेणारेही आपणच!