सर विल्फ्रेडची कारकीर्द

“आणि अध्यक्षमहाराज, सर विल्फ्रेड तेव्हा पुन्हा उभे राहिले!” असं म्हणून कमलाकांत वकिलांनी पाण्याचा आणखी एक पेला संपवला.

नगरपालिकेच्या सभेपुढे विषय एकच उरला होता : बौद्ध वस्तीत नळ. ठराव वस्तीतून निवडून आलेल्या देवमनने मांडलेला. सहा वाजले की सभा संपायची, आणि आज ठराव झाला नाही तर नळासाठी आलेला सरकारी पैसा मार्चअखेर परत जायचा. वस्तीत नळ गेला की आपल्या आळीचं पाणी कमी होईल, ही वकिलांची पोटदुखी. पण विरोधात हात वर केला तर वस्तीची मतं जाणार. म्हणून वकील ठरावाला पाठिंबा देत होते. दुपारपासून.

अमरावतीला वकिली चालली नाही, तरी तिथल्या वाचनालयातून त्यांनी एक इंग्रज खासदार उचलून आणला होता. हा विल्फ्रेड उभी हयात पार्लमेंटात बसला, दोनदा पक्ष बदलला, कायदा एकही केला नाही. नकोसं विधेयक मात्र वेळ संपेपर्यंत बोलून मारायचा. आमच्या वकिलांनी त्याचं तेवढंच घेतलं.

“वकीलसाहेब, नळावर बोला ना,” देवमन म्हणाला. “काहून त्या गोऱ्याले आमच्या उरावर बसवून राहिले?”

“देवमनराव, पाठिंबा मुळापासून द्यावा लागतो.”

सहाचे टोल पडले. अध्यक्ष उठले. ठराव मेला.

बाहेर पाण्याला निघालेल्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन थांबल्या होत्या.

“झालं का रे, देवमन?” सुंदराबाईने विचारलं.

“नाई, मावशी. विलायतच्या सायबाची गोष्ट झाली.”

सुंदराबाई वकिलांकडे वळली. “मंग त्या सायबाचं पुढं काय झालं जी?”

कोणी माहिती विचारली की वकिलांना राहवत नसे. “पडले. शेवटच्या निवडणुकीत खाणीतल्या मजुरांनी पाडलं त्यांना.” बोलून गेल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

“बरं केलं,” सुंदराबाई म्हणाली.

वकिलांनी घाईने हात पुढे केला. “देवमनराव, तिकडे वाद संपला की हात मिळवतात.”

देवमनने त्या हाताकडे पाहिलं. मग सुंदराबाईची घागर घेऊन खांद्यावर ठेवली आणि बायांमागून नदीच्या उताराला लागला. कोरड्या पात्रात त्यांनी पाणी झिरपावं म्हणून वाळूत झिरा उकरायला घेतला. धुतलेल्या धोतरानिशी तोही वाळूत गुडघे टेकून बसला.