वाचली असे समजावे

सव्वीस वर्षं मी सभागृहात बसते आहे, पण तिथे एक शब्द बोललेले नाही. लघुलेखकाला बोलायची मुभा नसते. अध्यक्षांच्या आसनाखालच्या टेबलाशी बसायचं, सदस्य बोलतील ते रेघोट्यांत उतरवायचं, पाच मिनिटं झाली की मागून दुसरा येतो, त्याला खुर्ची द्यायची आणि वरच्या खोलीत जाऊन आपली पाच मिनिटं टाइप करायची. समोर लोक घसा फोडून भांडतात, एकमेकांचे बाप काढतात, आपली मान खाली. याचा सगळा वचपा मी तिच्या घरी जाऊन काढते असं आई म्हणते. खोटं नाही ते.

त्या दिवशी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेन्सिलींना दोनदा टोक काढून झालं, चहा घेतला तो तसाच गार झाला. एक्केचाळीस वर्षांपूर्वी हे सभागृह तीन वर्षं कुलूपबंद होतं. त्या काळात घरांतून उचलून नेलेली तीनशे अकरा माणसं परत आली नाहीत, आणि सभागृहालाच कुलूप म्हटल्यावर विचारणार कोण? आता त्यांच्या स्मरणाचा ठराव यायचा होता. ठरावाबरोबर प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव आणि वय मोठ्यानं वाचायचं ठरलं होतं. यादीत दोनशे सत्त्याऐंशीवा माझा दादा होता. वय एकवीस.

आई प्रेक्षक गॅलरीत तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची बाई, एक कान गेलेला, दुसऱ्यात शिट्टी मारणारं यंत्र. या बाईनं दादासाठी एकही कचेरी सोडली नव्हती. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: या नावाची नोंद आमच्याकडे नाही. शेवटी तिनं मागणं इतकं लहान करून आणलं होतं की मलाच त्याची चीड यायची. "एकदा त्यांच्या तोंडून त्याचं नाव ऐकू दे," म्हणायची, "मग मी काही विचारणार नाही."

दादाचं नाव माझ्या पाच मिनिटांत येऊ नये एवढंच मला वाटत होतं. आलं आणि हात थांबला तर? मी वहीच्या समासात गणित मांडलं. मिनिटाला अकरा नावं. साडेबाराला वाचन सुरू झालं तर दादा सहकाऱ्याच्या वाट्याला जात होता. मी सुटले.

पण आधी भाषणं होती. सगळ्यांनाच गहिवर आला. एकानं स्वतःच्या तुरुंगवासाचं वर्णन केलं. तो तेव्हा दुसरीत होता, पण कुणी बोटं मोजली नाहीत. मी घड्याळाकडे पाहत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. सचिव यादी घेऊन उभे राहिले तेव्हा एक वाजायला अठरा मिनिटं उरली होती. एक वाजता जेवणाची सुट्टी.

मी पुन्हा खाली गेले तेव्हा एकशे साठावं नाव चाललं होतं. माझी पेन्सिल पळत होती. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या नावाला घड्याळात एक वाजला. सत्ताधारी बाकावरून एक सदस्य उठले. आवाजात अगदी मध. "अध्यक्ष महोदय, सभागृहाच्या भावना तीव्र आहेत, वेळही झाली आहे. उर्वरित नावे वाचली असे समजावे."

हे वाक्य मी हजारदा लिहिलं असेल. अहवाल, परिशिष्टं, दुरुस्त्यांच्या लांबलचक याद्या, सगळं आम्ही असंच वाचलं असं समजतो. हात सवयीनं पुढे गेला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जे वाचले नाहीत, त्यांची नावंही न वाचता वाचली म्हणायची. "हो" म्हणणारे हो म्हणाले, खुर्च्या सरकल्या, सभागृह उठलं. एकशे तेरा माणसं दोन मिनिटांत उरकली.

आई जिन्याजवळ उभी होती. गर्दीत हरवलेल्या माणसासारखी तिची नजर भिरभिरत होती. मला पाहताच तिनं माझं मनगट धरलं.

"अगं, एकदम सगळे उठले. हे मेलं यंत्र शिट्ट्या मारत होतं. मला नीट ऐकू आलं नाही. वाचलं ना त्याचं?"

मी "हो" म्हणाले.

"वडिलांच्या नावासकट?"

"हो, आई."

"आणि वय?"

"एकवीस म्हणाले."

ती मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसत होती. सव्वीस वर्षांत मी न ऐकलेला एकही शब्द लिहिला नव्हता, आणि आता आईलाच न झालेलं ऐकवून बसले होते. मला स्वतःची इतकी शरम वाटली की तिला धड टॅक्सीतही बसवून दिलं नाही, शिपायाला सांगितलं.

वर येऊन माझी पाच मिनिटं टाइप करायला घेतली. शेवटच्या ओळीशी आले. तिथे ठरलेलं वाक्य टाकायचं. मी लिहिलं: "उर्वरित एकशे तेरा नावे वाचण्यात आली नाहीत."

दहा मिनिटांत कार्यवृत्ताचे मुख्य संपादक माझ्या टेबलाशी हजर. आम्ही त्यांना कात्री म्हणतो, त्यांनाही ठाऊक आहे.

"बाई, हे काय आहे?"

"झालं ते लिहिलंय, साहेब."

"सभागृहानं वाचली असं समजलं. म्हणजे वाचली. नियम तुम्हाला नव्यानं सांगू?"

"पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत, ऐकलं ते लिहा, समजलं ते लिहू नका. मी एकशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच नावं ऐकली."

कात्रींनी चष्मा काढला. "यादीत तुमचं कोण आहे?"

मी सांगितलं.

"मग आज खालच्या टेबलाशी बसायलाच नको होतं तुम्ही. मला आधी सांगायला हवं होतं."

त्यांचं बरोबर होतं. त्यांनी कागद उचलला, खिशातलं लाल पेन काढलं आणि उभ्याउभ्याच माझ्या ओळीच्या वर ठरलेलं वाक्य लिहिलं. माझी ओळ मात्र खोडली नाही. "दोन्ही घडलं, दोन्ही राहू दे. कच्ची प्रत अध्यक्षांकडे जातेच. काय करायचं ते सभागृह ठरवील," म्हणाले. "उद्या तुम्हाला खाली बसायची फेरी नाही."

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी सव्वादहाला कात्री स्वतः खोलीत आले. अध्यक्ष म्हणाले होते, त्याच नावांबद्दल कार्यवृत्त दोन गोष्टी बोलतंय, हे चालणार नाही. अकराला पहिलं काम तेच. एकशे नव्व्याण्णवपासून पुढे सगळी नावं वाचायची.

आनंदानं उडी मारायला हवी होती. पण मला आई आठवली. आईला आणायचं तर काल खोटं बोलले हे सांगावं लागणार. न सांगावं तर ती घरी बसलेली असताना नाव वाचलं जाणार, आणि तिला जन्मात कळणार नाही. पाच मिनिटं मी फोन हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या. मग लावला.

"अगं, आज सात वाजेपर्यंत झोपले," आई म्हणाली. आवाज कोवळा होता. "शेजारणीला सगळं सांगितलं. कसं वाचलं, काय वाचलं."

"आई, काल वाचलं नव्हतं."

"काय?"

"नाव वाचलं नव्हतं. मी खोटं बोलले. आज वाचणार आहेत, अकरा वाजता."

 आई म्हणाली, "मी काल कशावर रडले गं?" आणि फोन ठेवला.

अकराला दोन मिनिटं असताना ती आली. केस विंचरलेले नव्हते, पायात घरातल्या चपला. माझ्याकडे न बघता तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या दुसऱ्या बाजूला माझ्याच वयाची एक बाई होती, मांडीवर नातेवाइकांना दिलेली छापील यादी.

खाली फार तर वीस सदस्य होते. कुणीही उठून कोरम नाही म्हणाला असता तर कामकाज तिथेच थांबलं असतं. कालचे मधाळ सदस्यही आले होते. फोनमध्ये डोकं घालून बसले होते, पण बसले होते. कुणी काही म्हणालं नाही. कात्री स्वतः टेबलाशी लिहायला बसले. सचिवांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

मला बसवेना. लिहायला नसलं की माझ्या हातांना काय करावं कळत नाही. दोनशे पन्नास झाले. दोनशे सत्तर झाले. आई खुर्चीच्या टोकाशी आली होती, कानाचं यंत्र बोटानं दाबून धरलं होतं. ते बारीक शिट्टी मारत होतं. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायला लागले. बघू देत म्हटलं.

दोनशे सत्त्याऐंशी. सचिवांनी दादाचं नाव घेतलं, बाबांचं नाव घेतलं, वय एकवीस म्हणाले. ना चढ ना उतार, जसं बाकीच्यांचं तसंच. मग पुढचं नाव.

मी आईचा दंड धरला आणि तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं. "वाचलं, आई. आत्ता वाचलं. सगळं म्हणाले."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.  मग माझ्या हातातून दंड सोडवून घेतला, पलीकडच्या बाईकडे वळली आणि तिच्या मांडीवरच्या यादीत दादाच्या नावावर बोट ठेवलं.

"अहो," तिनं विचारलं, "हे वाचलं का?"