दोचकाताईंनी सहज वाटलेली चॉकलेटं

सोमवारी सकाळी दोचकाताई चॉकलेटचा डबा घेऊन यंत्रांच्या हॉलमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांच्या मनात काहीही नव्हतं. पुढचा सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

काटकसरीसाठी नावाजलेल्या गाब्रोवो गावातल्या त्या कारखान्यात बुटांच्या लेसा तयार होत. जग हळूहळू बिनलेसचे बूट घालू लागलं होतं. जर्मनीतल्या मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर अर्ध्यावर आणली होती आणि उरलेल्या अर्ध्या ऑर्डरबद्दल तो हल्ली फोनवर फार गोड बोलू लागला होता. ऑफिस तीन माणसांचं. मॅनेजर इंजिनिअर कारास्तोयानोव, हिशेब बघणाऱ्या योर्दांकाबाई, आणि भरती, रजा, आजारपणं सांभाळणाऱ्या दोचकाताई.

अशा दिवसांत कामाच्या जागी वातावरण निरोगी कसं ठेवावं, याचं शिक्षण राजधानी सोफियातल्या मुख्य कार्यालयाने दोचकाताईंना संगणकावरून दिलं. शिकवणारी मुलगी एका मोठ्या झाडाच्या कुंडीपुढे बसली होती. ती म्हणाली की माणसं पगारावर टिकत नाहीत, आपुलकीवर टिकतात. पगार वाढणार नव्हताच, त्यामुळे हे ऐकून दोचकाताईंना जरा हायसं वाटलं. त्यांना छोटे छोटे आनंद द्या, मुलगी म्हणाली, आणि काही कारण नसताना द्या.

सोफियात तसं चालत असेल. गाब्रोवोत नातू झाला, गाडी घेतली, पोरगी पास झाली, की ज्याचं भलं झालं तो डबा फिरवतो. घेणारा आधी कारण विचारतो, मग अभिनंदन करतो आणि मगच चॉकलेट तोंडात टाकतो. हा क्रम कधी कुणी मोडलेला नाही.

"कशाबद्दल, ताई?" नेवेनाने विचारलं. ती हॉलमधली सगळ्यात जुनी कामगार, आणि जिभेने सगळ्यात तिखट.

"काही नाही गं. सहज."

नेवेनाच्या हातात चॉकलेट तसंच राहिलं. अभिनंदन करावं तर कशाचं, ते कळेना. आणि न करता खावं तर कसं. शेवटी तिने ते एप्रनच्या खिशात टाकलं. तिचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. दोचकाताई बाहेर पडल्या तेव्हा हॉलभर खिसे फुगले होते आणि तोंड मात्र एकाचंही गोड झालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी घरून पापुद्र्यांची बानित्सा भाजून आणली, चीज सढळ हाताने घातलेली. आता मात्र लोकांनी विषय हातात घेतला. आयर्लंडमधल्या मुलाचं लग्न ठरलं का? नाही. गावाकडचं घर विकलं गेलं? नाही. डॉक्टरांनी काही चांगलं सांगितलं? दोचकाताई म्हणाल्या, त्या डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. एकेक कारण असं गळत गेलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकच उरलं. नोकरी सोडून जाणारा माणूसही जाण्याआधी सगळ्यांचं तोंड गोड करतो. गंभीर चेहऱ्याने सगळ्यांनी बानित्सा खाल्ली.

त्यानंतर कारखान्याचं वातावरण इतकं निरोगी झालं की दोचकाताई चक्रावल्याच. मेकॅनिक गान्चो सांगितल्याशिवाय त्यांच्या खिडकीची कडी दुरुस्त करून गेला. रजेवरून कुणी भांडेना. योर्दांकाबाईंनी चक्क स्वतःच्या डब्यातला भाजक्या मिरच्यांचा अर्धा ल्युतेनित्सा लोणच्यासारखा त्यांच्या ताटात वाढला, आणि योर्दांकाबाईंनी आजवर कुणाला पेन्सिलही उसनी दिली नव्हती. दोचकाताईंनी सोफियाला कळवलं की शिक्षणाचा परिणाम अपेक्षेपेक्षा लवकर दिसतो आहे.

मग एका दुपारी नेवेना त्यांच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हा हीटर... तुमच्यामागे तो हॉलला मिळेल का? खिडकीशी बसणाऱ्या बायकांचे पाय गारठतात."

"माझ्यामागे म्हणजे?"

नेवेनाने त्यांचा हात दाबला. "नका सांगू. आम्ही कुणी विचारणार नाही," म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

कामगारांना काढायचं असेल तर ते पहिल्यांदा दोचकाताईंना कळे. ती त्यांचीच खोली, त्यांचंच काम. पण खुद्द त्यांना काढायचं असेल तर कुणाला कळेल, याचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. या वयात नवी नोकरी कोण देणार? त्या उठल्या आणि इंजिनिअरसाहेबांच्या दाराशी गेल्या.

कारास्तोयानोव त्यांना बघताच उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कुणासाठी उभे राहिले नव्हते. त्यांनी दोचकाताईंना खुर्ची दिली आणि आभार मानले. ऑफिसातला एक माणूस कमी करा असं सोफियाने कळवलं होतं. योर्दांकाबाईंना हात लावणं शक्य नव्हतं, कारण पैसे कुठे आहेत ते फक्त त्यांनाच माहीत. म्हणजे राहिले दोघं. साहेबांची झोप उडाली होती. तेवढ्यात दोचकाताई आपणहून निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं.

"पण मी कुठे निघालेय, साहेब?"

"तुम्ही चॉकलेटं वाटलीत," साहेब म्हणाले.

"सहज वाटली."

"सहज कोण वाटतं?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की सोफियाला तसं कळवूनही झालं आहे. तिकडे सगळे भारावून गेले आहेत, आणि ती कुंडीपुढची मुलगी दोचकाताईंचं उदाहरण आता इतर शाखांना सांगते आहे.

दोचकाताई तडक हॉलमध्ये गेल्या. एकदाच स्पष्ट सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेल्या. मधल्या टेबलावर कागद अंथरला होता, चुबरित्साचा मसाला भुरभुरलेल्या पावाच्या चकत्या मांडल्या होत्या, आणि सगळे हात पुसून उभे होते.

"ऐका," त्या म्हणाल्या, "मी कुठेही जात नाहीये. जायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

गान्चो खाकरला. "पण ताई, आम्ही निरोपाचं घड्याळ आणलंय."

"परत करा."

"परत नाही घेत. नाव कोरलंय."

गाब्रोवोत यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. लोक मान खाली घालून घड्याळाच्या खोक्याकडे बघत राहिले. कुणाला दोचकाताईंचं वाईट वाटत होतं, कुणाला वर्गणीचं, आणि कुणाला नेमकं कशाचं ते ठरवता येत नव्हतं. सोफियाचा हुकूम काय आणि साहेबांनी काय कळवलं, ते दोचकाताईंनी सांगितलं, तेव्हा नेवेना एकदम चिडली. कमी झालं ते ऑफिसातलं माणूस ना, तिने विचारलं. हॉलमध्ये शेवटची दोन यंत्रं माणूस मिळत नाही म्हणून बंद आहेत, आणि भरा, भरा म्हणून सोफियाच बोंबलतंय. तिथल्या एका मजल्यावरून काढायचा हुकूम येतो आणि दुसऱ्या मजल्यावरून घ्यायचा. त्यांचं त्यांना जुळत नसेल, तर आपण का जुळवायचं? एक काढा, एक घ्या. दोन्ही मजले खूश.

भरतीचा कागद दोचकाताईंनी स्वतःच टाइप केला. अर्जदार म्हणून सही केली, तपासणारी म्हणूनही सही केली, आणि अनुभव या रकान्यापुढे जरा विचार करून रेघ मारली. इंजिनिअरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. यात बेकायदा काय आहे ते त्यांना सापडेना, तेव्हा त्यांनीही सही केली.

आता शेवटच्या यंत्रावर दोचकाताई बसतात. रिळं गरागरा फिरतात, दोरे एकमेकांत जातात, खाली लेस उतरते. आपल्याला काढलं की वाचवलं, याचा त्या विचार करत होत्या, तेवढ्यात एक दोरा तुटला आणि वीतभर लेस वाया गेली.

"दोचका!" नेवेना हॉलच्या त्या टोकावरून ओरडली. "झोपलीस का? गाठ मार आधी!"

गेल्या कित्येक वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. यात अपमान वाटून घ्यायचा की बरं वाटून घ्यायचं, ते त्यांना पटकन ठरवता आलं नाही. त्यांनी यंत्र थांबवलं आणि दोऱ्याचं दुसरं टोक शोधू लागल्या.