मी, माई एतिनालाचा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे, मित्रांनो. त्याआधी मी तेलाचा डबा होतो. मलावी सरोवराच्या काठी एका पत्राकाम करणाऱ्याने मला कापले, वळवले, डाख दिला आणि मासळीबाजारात विकायला ठेवले. मला घेतले ते एतिनाला म्सिस्का नावाच्या शाळामास्तरणीने. तिच्यासोबत ग्रेशम न्यिरोंगो हा तरुण वकील होता.

त्या काळी देशात एकच पक्ष होता आणि एकच म्हातारा जन्मभर राज्य करत बसला होता. ही दोघे मला आळीपाळीने तोंडाला लावत. "खुर्ची कुणाची जन्माची नाही!" ही त्यांची घोषणा. एकदा धक्क्यावर पोलिसांनी लाठ्या उगारल्या. एतिनालाच्या डोक्यावर येणारा घाव ग्रेशमने हातावर झेलला. त्याचे मनगट मोडले, मला पोचा आला. दोघांनी तुरुंग भोगला, पण अखेर म्हाताऱ्याला जावे लागले.

ग्रेशम राष्ट्रपती झाला, एतिनाला शिक्षणमंत्री झाली. लोक तिला माई म्हणू लागले. मला राजधानीत, पक्षाच्या कचेरीत काचेच्या कपाटात ठेवले. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत, तेव्हा मी मनात फुगून जाई. पुढे त्या जागी राष्ट्रपतींची भली मोठी तसबीर आली आणि मी केरसुण्यांच्या खोलीत गेलो. कितीतरी वर्षे तिथे गंजत पडलो.

घटनेप्रमाणे राष्ट्रपतीला दोनच मुदती मिळत. ग्रेशमला तिसरी हवीशी झाली. त्यासाठी देशाचा कौल घ्यायचे ठरले. पक्षाच्या बैठकीत सगळ्यांचे हात वर गेले. माईचा गेला नाही. त्याच दुपारी तिची मोटार गेली, बंगला गेला. ती पायी कचेरीत आली आणि तिने मला शोधून काढले. रखवालदार चाचरत म्हणाला, "माई, ही पक्षाची वस्तू आहे."

"पक्ष आम्ही दोघांनी काढला, बाबा. कचेरी त्याला राहू दे. आवाज मी नेते."

तिला सभेसाठी भोंगे द्यायला कुणी धजेना. मग ती मला घेऊन बाजारोबाजार फिरली. मिळेल तिथे न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा सुक्या मासळीबरोबर खायची आणि काठावर ओढलेल्या होडीत चढून बोलायची. ग्रेशमची माणसे टोमणा मारत, "म्हातारे, त्या डब्यात तेल तरी आण!"

"सगळं तेल तुम्हीच साहेबांच्या पायाला चोळलंत," ती माझ्यातूनच उत्तर देई, "मला कुठलं उरणार?" आणि सारा बाजार खदखदून हसे.

कौलाच्या आठवडाभर आधी ग्रेशम स्वतः धक्क्यावर आला. माणसांना मागे ठेवून एकटाच तिच्याजवळ गेला.

"एतिनाला, परत ये. उपराष्ट्रपती करतो तुला. या हाताची तरी आठवण ठेव."

माईचे डोळे भरून आले, पण माझ्यावरची तिची पकड सैल झाली नाही.

"तो हात माझ्यासाठी मोडला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तेव्हा आपण काय ओरडत होतो, ते तू विसरलास, ग्रेशम."

आणि त्याच्यासमोर तिने मला तोंडाला लावून ती जुनी घोषणा दिली. मासळीवाल्या बायकांनी ती उचलली. ग्रेशम मान खाली घालून मोटारीत बसला.

थोडक्या मतांनी का होईना, देशाने 'नाही' म्हटले. पुढच्या निवडणुकीला माई उभी राहिली आणि जिंकली. राजधानीला निघताना तिने मला मासळीवाल्यांची मुकादम न्याम्हांगो हिच्या हाती दिले. "उद्या मी चुकले तर याच्यातून मला हाक मार. आणि हळू मारू नकोस."

वर्ष उलटले नाही तोच माईच्या सरकारने मासळी सुकवायची जागा हॉटेलला द्यायचे ठरवले. न्याम्हांगो मला घेऊन होडीत चढली. तिचा आवाज माईपेक्षाही खणखणीत आहे.

दमट वाऱ्याने मला गंज लवकर चढतो, म्हणून दर शनिवारी ती मला पुसते. मित्रांनो, तुमच्या गावातही असा एखादा कर्णा असेल. त्याला पुसत जा, आणि कुणा एकाच्या घरी कायमचा राहू देऊ नका.